गोफणीचा नेम

आपणांपैकीं ज्यांच्या घरीं आठदहा वर्षांचा मुलगा आहे, त्यांच्या हातीं केव्हां ना केव्हां त्याच्या खिशांतून एक वस्तु लागली असेल : पेरूच्या फांदीचें एक बेचकें, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या आणि मधें चामड्याचा एक तुकडा. शेजाऱ्यांच्या खिडकीची कांच शाबूत असेल तर आपण ती परत देतां, आणि फुटली असेल तर कपाटावर टाकून देतां. ही आजची रबरी गलोल. हिला फारसें वय नाहीं. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचें पेटंट चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाला १८४४ सालीं मिळालें. त्यापूर्वीं थंडीनें न ताठणारें आणि उन्हानें न चिकटणारें रबरच जगांत नव्हतें, तर बेचक्याला ताणणार काय ? तिचें नांव मात्र तिच्याहून पुष्कळ जुनें आहे. आपल्या गलोलीची पूर्वज जी गुलेल, ती एक धनुष्यच होती. तिला दोन प्रत्यंचा, त्यांच्या मधोमध कापडाची लहानशी पट्टी, आणि बाणाच्या ऐवजीं वाळवलेल्या मातीची गोळी. नवशिक्याची पहिली गोळी बहुधा त्याच्याच अंगठ्यावर बसे. कारण गोळी सुटतांना धनुष्य धरलेला हात किंचित् बाजूला झटकावा लागतो, आणि ही गोष्ट अंगठा सुजल्याखेरीज कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

पण आज मला बोलावयाचें आहे तें या दोघींच्या पणजीविषयीं, म्हणजे गोफणीविषयीं. आणि तेंहि तिच्या पराक्रमाविषयीं कमी व तिच्या शिक्षणाविषयीं अधिक. नेम धरावयाला माणसें कशीं शिकलीं, त्यांना कोणीं शिकविलें, आणि शिकून झाल्यावर त्या विद्येचें त्यांनीं काय केलें, हा आजचा विषय.

प्रारंभींच एक कबुली देतों. लहानपणीं आजोळीं ज्वारीच्या राखणीला मी माळ्यावर बसलों आहें. कणीस दुधांत आलें कीं भोरड्यांचे थवेच्या थवे उतरत, आणि आमचा म्हातारा राखणदार अंबाडीच्या दोऱ्याची विणलेली गोफण घेऊन उभा राही. तिचें एक टोंक बोटांत अडकवावयाचें, दुसरें अंगठ्याखालीं दाबावयाचें, मधल्या खोळींत ढेंकूळ ठेवावयाचें, फिरवावयाचें आणि अंगठा सैल सोडावयाचा. कृति इतकीच. मीं ती केली, आणि पुढें जावयाचा दगड मागें गेला व विहिरीच्या कांठावर ठेवलेल्या पाण्याच्या घागरीला त्यानें भोंक पाडलें. म्हातारा हंसला नाहीं. तो म्हणाला, “हाताकडं काय बघताय, धाकलं मालक ? पाखराकडं बघा.” त्या मोसमांत मला याहून अधिक शिक्षण मिळालें नाहीं. पुढें इतिहासाचीं पुस्तकें वाचूं लागल्यावर ध्यानांत आलें कीं, दोन हजार वर्षांपूर्वींच्या शिक्षकांजवळ सांगण्यासारखें याहून फारसें अधिक नव्हतें.

गोफण अवघड कां, हें थोडें गणित केल्याशिवाय कळत नाहीं. धनुष्याचा बाण डोळ्यासमोर असतो, बंदुकीला माशी असते. गोफणीचा दगड मात्र सुटेपर्यंत फिरणाऱ्याच्या दृष्टीआड असतो, आणि तो ज्या क्षणीं सुटतो त्या क्षणाच्या स्पर्शरेषेनें निघून जातो. समजा, हात आणि गोफण मिळून होणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या एक मीटर आहे व सुटतांना दगडाचा वेग सेकंदाला तीस मीटर आहे. म्हणजे दगड सेकंदाला सुमारें पावणेपांच फेरे या गतीनें फिरत आहे. आतां अंगठा सेकंदाच्या एक हजारांश भागानें उशिरां सुटला, तर दिशा पावणेदोन अंशांच्या आसपास बदलते. आणि पन्नास मीटरांवर हा दगड दीड मीटर चुकतो. ज्याच्यावर नेम धरला तो सुरक्षित, आणि त्याच्या शेजारीं उभा असलेला बिचारा जायबंदी. तेव्हां गोफण शिकणें म्हणजे एका हजारांश सेकंदाची ओळख करून घेणें, आणि ही ओळख विचारानें होत नाहीं, बोटांनीं व्हावी लागते. आणखी एक बारकावा आहे. दगड डोक्याभोंवतीं आडवा फिरविला तर सुटण्याच्या क्षणाची चूक डावीउजवीकडे पडते. उभा फिरविला तर ती खालींवर पडते. माणूस हा रुंदीपेक्षां उंच प्राणी आहे. त्यामुळें त्याच्यावर नेम धरणारास उभा फेरा अधिक सोयीचा, हें निराळें सांगावयास नको. आणि फेरे जितके अधिक तितका डौल अधिक. नेम मात्र अधिक नव्हे. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळांत युद्धशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा व्हेजेशियस शिकाऊ शिपायांना निक्षून सांगतो कीं, गोफण डोक्याभोंवतीं एकदांच फिरवावी आणि सोडून द्यावी.

या विद्येचे सर्वांत विख्यात अध्यापक भूमध्य समुद्रांतल्या बालिआरिक बेटांवर होते. स्पेनच्या पूर्वेस मायोर्का, मिनोर्का हीं जीं बेटें आहेत तींच हीं. प्राचीन लोक तर म्हणत कीं, फेंकणें या अर्थाच्या ग्रीक धातूवरूनच बेटांना हें नांव पडलें. या अध्यापकांपैकीं एकाचेंहि नांव इतिहासास ठाऊक नाहीं, कारण त्या सर्व माता होत्या. इ. स. पू. पहिल्या शतकांतला सिसिलीचा इतिहासकार डायोडोरस सांगतो कीं, बेटावरची आई एका खांबावर भाकरी ठेवी आणि मुलगा गोफणीनें ती पाडीपर्यंत त्याला तिला हात लावूं देत नसे. भूगोलकार स्ट्रेबो हेंच सांगतो, फ्लोरस हेंच सांगतो, आणि कांहीं शतकांनंतर व्हेजेशियसहि हेंच सांगतो. एकानें सांगितलें आणि बाकीच्यांनीं उतरून घेतलें, असा संशय घेण्यास जागा आहे. जुन्या ग्रंथकारांना ती संवय होतीच. पण कथेच्या गाभ्याबद्दल मला शंका वाटत नाहीं. हजारों माणसांचें एक सबंध कुळ पिढ्यान् पिढ्या एकाच हत्याराबद्दल नांवाजलेलें राहतें, याचा अर्थ तें शिक्षण शिपाई होण्यापूर्वींच, म्हणजे घरांत आणि दररोज होत होतें. आपल्याकडे मुलानें चार घांस खावे म्हणून आयांना किती आर्जवें करावीं लागतात हें मी पाहतों, आणि त्या खांबाखालीं उभ्या असलेल्या बाईचें काळीज कसें असेल याचा मला अंदाज लागत नाहीं. पहिल्या दिवशीं खांब दहा पावलांवर असेल. पोराला भूक लागली आहे, दगड भाकरीवरून जात आहे, खालून जात आहे, आणि आई स्वस्थ बसली आहे. पण बेटें लहान होतीं, आणि कार्थेजचे सरदार गोफण्यांना पगार देत असत. पोराचा नेम म्हणजेच पुढें घरची भाकरी होती, हें ती जाणून असणार.

तथापि तो पगार घरीं किती पोंचत होता हा प्रश्नच आहे. डायोडोरस म्हणतो कीं, पूर्वीं या लोकांत सोन्याचांदीचें नाणें बेटावर आणावयाचें नाहीं असा नियम होता. त्यामुळें कार्थेजच्या चाकरींतले शिपाई आपला पगार परमुलखांतच मद्य आणि विलास यांवर उडवून हात हलवीत परत येत.

स्ट्रेबोच्या वर्णनाप्रमाणें हे लोक डोक्याभोंवतीं तीन गोफणी गुंडाळीत : लांब पल्ल्यासाठीं लांब दोऱ्यांची, जवळच्यासाठीं आंखूड दोऱ्यांची आणि मधल्या पल्ल्यासाठीं मध्यम. डायोडोरस म्हणतो, एक डोक्याला, एक कमरेला आणि एक हातांत. कोठें का बांधीनात, तीन होत्या हें महत्त्वाचें. नेम साधण्याचें अर्धें रहस्य येथें आहे. दूर फेंकण्यासाठीं अधिक जोर लावावयाचा आणि जवळ फेंकण्यासाठीं कमी, असें केलें तर हाताची लय दर वेळीं बदलते आणि तो हजारांश सेकंद हरवतो. बालिआरिक शिपाई हात तोच ठेवी आणि गोफण बदली. इ. स. पू. ३११ मध्यें सिसिलींत हिमेरा नदीकांठीं अगाथोक्लीझच्या ग्रीक सैन्यानें कार्थेजच्या छावणीवर मुसंडी मारली, तेव्हां असे एक हजार गोफणे पुढें काढण्यांत आले. ते एक मिना वजनाचे, म्हणजे सुमारें ४३० ग्रॅमचे, आपल्या जुन्या मापानें अर्ध्या शेराला थोडे कमी असे दगड फेंकीत होते. त्या माऱ्यानें छावणींत शिरलेले ग्रीक हटले. हॅनिबालनें इ. स. पू. २१८ मध्यें इटलीवर स्वारी करण्यापूर्वीं आफ्रिकेच्या बंदोबस्तास जी फौज पाठविली तींत ८७० बालिआरिक होते. हा आंकडा पॉलिबियसनें स्वतः हॅनिबालनें कोरवून ठेवलेल्या पटावरून उतरून घेतला आहे, म्हणून त्याच्यावर भरंवसा ठेवावयास हरकत नाहीं. पुढें इ. स. पू. १२३ मध्यें रोमचा मेटेलस हीं बेटें जिंकण्यास निघाला, त्या वेळीं त्यानें आपल्या जहाजांच्या तक्त्यांवर कातड्यांचें छप्पर ताणून घेतलें होतें. बेटें पडलीं, मेटेलसला ‘बालिआरिकस’ ही पदवी मिळाली, आणि खांबावरच्या भाकरीवर वाढलेलीं मुलें रोमची चाकरी करूं लागलीं. इ. स. पू. ५७ मध्यें सीझरनें गॉल देशांत बिब्राक्स गांवच्या मदतीस जी कुमक धाडली तींत तीं होतीं.

नेमबाजीचें शिक्षण एका रात्रींत देतां येत नाहीं. पण ज्यांना तें अगोदर मिळालें आहे अशीं माणसें एका रात्रींत शोधतां येतात. याचें एक सुंदर उदाहरण झेनोफननें लिहून ठेविलें आहे. इ. स. पू. ४०१ मध्यें सुमारें दहा हजार भाडोत्री ग्रीक शिपाई बाबिलोनजवळ अडकले. त्यांचा आश्रयदाता लढाईंत पडला होता, सेनापति कपटानें मारले गेले होते, आणि घर हजार कोसांचे पलीकडे. परतीच्या पहिल्याच मजलींत मिथ्राडेटीझनें दोनशें घोडेस्वार आणि चारशें तिरंदाज व गोफणे घेऊन त्यांची पाठ धरली. तो दुरून मारी. ग्रीक धांवून जात. तो मागें सरे. दिवसभरांत ग्रीकांची वाटचाल पंचवीस स्टेडिया, म्हणजे जेमतेम पांच किलोमीटर झाली. या हिशेबानें घर कधींच येणार नव्हतें. त्या रात्रीं झेनोफननें बैठकींत सांगितलें कीं, आपल्या सैन्यांत ऱ्होड्स बेटाचे लोक आहेत, आणि त्यांच्यापैकीं बऱ्याच जणांना गोफण येते असें ऐकतों. इराणी लोक मुठीएवढे दगड फेंकतात, ते फार दूर जात नाहींत. ऱ्होड्सचे लोक शिशाच्या गोळ्या फेंकतात, त्या दुप्पट पल्ल्यावर पडतात. ज्याच्याजवळ गोफण असेल त्याला तिची किंमत द्यावी, जो नवी विणील त्याला मजुरी द्यावी, आणि जो या कामास नांव देईल त्याला दुसऱ्या कामांतून सूट द्यावी. सकाळीं दोनशें गोफणे तयार होते. मिथ्राडेटीझ पुन्हां आला, तेव्हां त्याचा कालचा हिशेब चुकला. हे दोनशें ऱ्होडियन ढालभाला घेऊन साध्या पायदळांतच चालत होते. आपल्याजवळ एक विद्या आहे हें त्यांनीं स्वतः होऊन कोणाला सांगितलें नव्हतें. गोफण हें मेंढपाळाचें आणि गरिबाचें हत्यार होतें, त्याची ग्रीकांत प्रतिष्ठा नव्हती. आपल्या बापानें काय शिकविलें हें चारचौघांत सांगावयास संकोच वाटावा, आणि त्याच विद्येवर दहा हजारांचे प्राण अवलंबून असावे, असा हा प्रसंग आहे.

शिकण्याच्या पद्धतीविषयीं सर्वांत बारीक माहिती मात्र लिव्ही देतो. इ. स. पू. १८९ मध्यें रोमन लोकांनीं केफालोनिया बेटावरील सामी शहराला वेढा दिला, तो चार महिने चालला. शहरचे लोक वारंवार बाहेर पडून हल्ला करीत. त्यांना आवरण्यासाठीं पेलोपोनीजच्या उत्तर किनाऱ्यावरील ईजियम, पात्रे आणि डायमी या गांवांचे शंभर गोफणे आणविण्यांत आले. या गांवचीं मुलें समुद्राच्या कांठीं वाळूंत सांपडणारे गुळगुळीत गोटे गोफणींत घालून खुल्या पाण्यावर फेंकीत लहानाचीं मोठीं होत. त्यांच्या गोफणीची खोळ एकपदरी नव्हती. ती तीन पट्ट्या शिवून ताठ केलेली असे, म्हणजे फिरवितांना गोळी आंत लोळत नाहीं आणि सुटतांना एकदमच सुटते. दुरून लहानशा कड्यांतून गोळी आरपार नेण्याचा त्यांना सराव होता. लिव्ही म्हणतो कीं, ते शत्रूच्या नुसत्या डोक्याला नव्हे तर चेहऱ्याच्या ज्या भागावर नेम धरतील त्या भागाला मारीत. यांत थोडी अतिशयोक्ति गृहीत धरली तरी सामीच्या लोकांचें बाहेर पडणें त्यामुळें कमी झालें, ही गोष्ट राहतेच.

येथें मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. समुद्रावर फेंकणाऱ्या मुलाला भक्ष्य नसतें, खांब नसतो. त्याला फक्त पाण्यावर उठणारा थेंबांचा तुरा दिसतो. पण तो तुरा दर वेळीं दिसतो. दगड कोठें पडला हें कळणें हेंच नेमबाजाचें खरें शिक्षण होय. रानांत झुडपाआड गेलेला दगड कांहीं शिकवीत नाहीं. म्हणून रोमन कवायतींत सहाशें फुटांवर काटक्यांचे किंवा गवताचे भारे उभे करीत आणि तिरंदाज व गोफणे यांच्याकडून त्यांवर मारा करवीत, असें व्हेजेशियस लिहितो. रोमन फूट आपल्या फुटाहून किंचित् लहान, म्हणजे हें अंतर सुमारें १७८ मीटर झालें.

या सर्व काळांत दगडाची जागा हळूहळू शिशाच्या गोळीनें घेतली होती. ती बदामाच्या आकाराची असे आणि साच्यांत ओतीत. ओततां ओततांच तिच्यावर अक्षरें उठवितां येत, आणि मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच असल्यामुळें तीं उठविलीं गेलीं. कांहीं ग्रीक गोळ्यांवर ‘हें घे’ एवढेंच लिहिलेलें आहे. इ. स. पू. ३४८ मध्यें मॅसिडोनच्या फिलिपनें उध्वस्त केलेल्या ओलिंथस शहरांत त्याच्या नांवाच्या गोळ्या मिळाल्या आहेत. इ. स. पू. ४१-४० च्या हिंवाळ्यांत इटलींतील पेरूझिया शहराच्या वेढ्यांत दोन्ही बाजूंनीं एकमेकांच्या पुढाऱ्यांबद्दल गोळ्यांवर जो मजकूर लिहिला, तो सभ्य श्रोत्यांपुढें वाचून दाखविण्यासारखा नाहीं. हवेंतून जातांना शिसें तापून वितळतें अशी मोठमोठ्या विद्वानांची समजूत होती. खुद्द अॅरिस्टॉटलनें ती लिहून ठेविली आहे. ती खोटी आहे. पण गोळी मांसांत घुसे हें खोटें नाहीं. पहिल्या शतकांतील रोमन वैद्यकग्रंथकार सेल्सस यानें अंगांत रुतलेलें शस्त्र काढण्याच्या प्रकरणांत शिशाच्या गोळीसाठीं निराळा परिच्छेद दिला आहे.

स्कॉटलंडच्या दक्षिण भागांत बर्न्सवार्क नांवाची एक सपाट माथ्याची टेंकडी आहे. माथ्यावर तेथील जुन्या रहिवाशांचा कोट, आणि खालीं दोन बाजूंस दोन रोमन छावण्या. या टेंकडीवर शिशाच्या गोफणगोळ्या शेंकड्यांनीं आढळल्या आहेत. ही रोमन शिपायांची सरावाची जागा, असें पुष्कळ काळ मानलें जात होतें : ओसाड कोट, त्याच्यावर मारा करावा, नेम सुधारावा, आणि जेवावयास परत यावें. अलीकडे, २०१५-१६ च्या सुमारास, तेथील गोळ्यांचा ठावठिकाणा जमीन न खणतां यंत्रानें टिपण्यांत आला. कोटाच्या तटालगत त्यांची इतकी दाटी आढळली कीं, हा सराव नसून दुसऱ्या शतकांतला खराखुरा हल्ला होता असें संशोधकांपैकीं कांहींचें मत झालें. कांहीं लहान गोळ्यांना मुद्दाम भोंक पाडलेलें आहे. अशी गोळी हवेंतून जातांना भुंग्यासारखी गुणगुणते. सरावाच्या भाऱ्याला भिवविण्याचें कारण नसतें. वाद मिटलेला नाहीं. पण माझा कल हल्ल्याच्या बाजूकडे आहे, आणि तो त्या भोंकांमुळें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. गोफण आपल्याकडे किती जुनी आहे, याचा एक पुरावा अगदीं अनपेक्षित ठिकाणीं सांपडतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत जखमा बांधण्याचे चौदा बंध सांगितले आहेत. त्यांपैकीं एकाचें नांव ‘गोफणा’. हनुवटी, नाक, ओंठ, खांदा अशा ठिकाणीं तो बांधावा. मधें रुंद पट्टा आणि दोन्हीकडे निमुळतीं टोंकें, हें रूप रुग्णाच्या हनुवटीखालीं पाहून वैद्याला जिची आठवण झाली, ती वस्तु त्या काळीं घरोघरीं परिचयाची असलीच पाहिजे. मौज अशी कीं, ग्रीक वैद्यहि झोळीसारख्या बंधनाला आपल्या भाषेंतला गोफणीचाच शब्द वापरीत.

पण नेमाच्या शिक्षणावर आपल्या वाङ्मयांत जें सर्वांत मार्मिक लिहिलें गेलें आहे, तें पाली भाषेंत आहे. तें गोफणीचें नव्हे, खडे फेंकण्याच्या विद्येचें आहे. परंतु दोन्ही विद्या सख्ख्या बहिणी आहेत. जातककथांतील १०७ वी कथा ‘सालित्तक जातक’ या नांवाची. वाराणसींत एक पांगळा होता. गांवचीं पोरें त्याला गाडींत घालून वेशीजवळच्या वडाखालीं ओढून नेत, हातावर चार कवड्या ठेवीत आणि म्हणत, हत्ती कर, घोडा कर. हा खालीं बसूनच खडे मारून वडाच्या पानांत तीं तीं चित्रें कोरी. एके दिवशीं राजा उद्यानास जातांना तेथें आला. पोरें पळालीं, पांगळा राहिला. राजाच्या अंगावर ऊन तुकड्यातुकड्यांनीं पडलें म्हणून त्यानें वर पाहिलें, तों एकहि पान धड नव्हतें. राजाला त्या विद्येचा उपयोग लागलीच सुचला. त्याचा पुरोहित अतिशय बडबड्या होता. एकदां बोलूं लागला कीं दुसऱ्याला शब्द काढूं देत नसे. राजानें पांगळ्याला पडद्याआड बसविलें, पडद्याला एक भोंक ठेविलें, आणि त्याच्यापुढें मापभर वाळलेल्या शेळीच्या लेंड्या ठेविल्या. पुरोहित आला, बोलूं लागला, आणि दर वेळीं तोंड उघडलें कीं एक लेंडी नेमकी घशांत. बोलण्याच्या भरांत त्याला पत्ताहि लागला नाहीं. माप संपल्यावर राजानें त्याला खरी हकीकत सांगितली. त्या दिवसापासून पुरोहित मोजकें बोलूं लागला, आणि पांगळ्याला चार दिशांचे चार गांव मिळाले.

एवढ्यावर ही विनोदी कथा झाली. पण धम्मपदावर जी जुनी पाली टीका आहे तींत हिचा उत्तरार्ध आहे, आणि तो वाचून माझें हंसें मावळलें. पांगळ्याचें वैभव पाहून एक मनुष्य त्याच्याकडे शिष्य होऊन राहिला. गुरु प्रथम नाहीं म्हणाला. पण शिष्यानें सेवा केली, हातपाय चेपले, आणि अखेरीस विद्या मिळविली. आतां ती अजमावून पाहावयाची. गुरूनें बजावलें : गाईला मारशील तर शंभर दंड आहे, माणसाला मारशील तर हजार, ज्याला आईबाप नाहींत असें कांहीं पाहा. शिष्य खडे कनवटीला बांधून हिंडूं लागला. गाय दिसली, तिला धनी होता. माणूस दिसला, त्याला आईबाप होते. इतक्यांत वाराणसींत भिक्षेला निघालेला एक प्रत्येकबुद्ध त्याला दिसला. याला आई नाहीं, बाप नाहीं, याच्याबद्दल कोणी दंड मागणार नाहीं, असें म्हणून त्यानें खडा सोडला. खडा उजव्या कानांत शिरून डाव्या कानांतून बाहेर पडला. नेम अचूक होता. प्रत्येकबुद्ध आपल्या पर्णकुटीपर्यंत पोंचला आणि तेथें त्याचा अंत झाला. नित्याचा भिक्षु कां आला नाहीं म्हणून लोक शोधावयास गेले, शिष्यहि त्यांच्याबरोबर गेला, आणि हें माझें काम असें त्यानेंच सांगितलें. लोकांनीं त्याला तेथेंच ठार केलें. नरकांतून सुटल्यावर त्याच्या डोक्यावर साठ हजार घण पडत राहिले, असें टीकाकार सांगतो. तें राहूं द्या. माझें लक्ष वेधतें तें गुरूच्या उपदेशाकडे. त्यानें दंडाचे दर सांगितले. गाय शंभर, माणूस हजार. विद्या त्यानें पुरी दिली, पण ती कोठें वापरावयाची हें सांगतांना किंमतीखेरीज दुसरें माप त्याला सुचलें नाहीं. आणि शिष्य तर आज्ञाधारक निघाला. ज्याची किंमत शून्य असें लक्ष्य त्यानें बरोबर हुडकून काढलें. पुरोहिताच्या घशांत लेंड्या मारून चार गांव मिळविणाऱ्या गुरूजवळ याहून निराळें कांहीं शिकावयास मिळालें असतें कीं काय, याचा मीं पुष्कळ वेळां विचार केला आहे.

बालिआरिक मातेचा खांब, समुद्रावरचा पाण्याचा तुरा, वडाचें पान, या सर्वांशीं ताडून पाहतां आमच्या राखणदाराचें लक्ष्य अगदींच निराळें होतें हें मला फार उशिरां उमगलें. तो दगड क्वचित् घेई ; पिकांत पडलेला दगड पुढें पाभरीला लागतो. तो ढेंकूळ घेई, तेंहि धड कोरडें नाहीं आणि धड ओलें नाहीं असें. थवा ज्वारीवर टेंकण्याच्या बेतांत आला कीं गोफण एकदां फिरे, दोरीच्या सुट्या टोंकाचा चाबकासारखा आवाज होई, आणि ढेंकूळ थव्याच्या थोडें वर व थोडें पलीकडे जाऊन फुटे. मातीचा पाऊस कणसांवर सळसळत पडे, आणि भोरड्या वळून शेजारच्या शेताकडे जात. तेथल्या माळ्यावर दुसरा म्हातारा उभा असे. थोड्या वेळानें त्या पुन्हां आमच्याकडे येत. दिवस मावळेपर्यंत हें चाले. संध्याकाळीं तो गोफण घडी करून मुंडाशांत खोंवी, आणि भोंक पडलेली ती घागर उचलून, भोंकावर बोट दाबून, पाणी घेऊन घरीं जाई.